हद्दीवरचे कृष्णकमळ

उद्यानशास्त्रावरील ज्या सचित्र ग्रंथांतून कृष्णकमळाच्या वेलाची निगा सविस्तर सांगितलेली असते, त्यांचे कर्ते बहुधा अशा प्रदेशांत राहणारे असावेत की जेथे सूर्य माणसाच्या प्रकृतीची विचारपूस करण्यापुरताच उगवतो आणि पाऊस दिलेल्या तारखेस हजर होतो. कारण या वेलाला सौम्य हवामान मानवते, एवढे सांगून झाल्यावर ते जे प्रकरण लगोलग हाती घेतात ते हिमापासून बचावाचे असते, आणि मुळांशी पालापाचोळ्याचा थर कसा द्यावा, कुंडी काचगृहात कधी न्यावी, थंडीचा कडाका ओसरल्यावर ती पुन्हा उघड्यावर कधी आणावी, याविषयी त्यांनी दाखविलेली कळकळ नांदेड किंवा लातूर येथील वाचकाने भर वैशाखात, ओला पंचा डोक्यावर घेऊन वाचली असता त्याच्या मनात जो करुणेचा भाव उत्पन्न होतो, तो वेलाविषयी नसून ग्रंथकर्त्याविषयी असतो.

सौम्य हवामान आमच्याकडे नसतेच असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ते दिवाळीच्या सुमारास येते, गोदावरीच्या घाटावर काही सकाळी धुके पसरवून आपल्या आगमनाची वर्दी देते, ट्रंकेतल्या शालींना हवा दाखविते, आणि संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी जाईपर्यंत निघूनही जाते. तदनंतर मराठवाड्याचे खास स्वतःचे हवामान कारभार हाती घेते. त्याच्या अमदानीत पारा ४२ अंशांच्या पलीकडे ठाण मांडतो, दुपारी रस्त्यावर टँकरखेरीज कोणी दिसत नाही, आणि एखाद्या वर्षी, जसे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात घडले, हरभरा काढणीस आला असता आकाशातून गारांचा मारा होतो. त्या समयी हिमापासून बचावाचे ते प्रकरण मोठ्या आशेने उघडावे, तर त्यात गारपिटीचा उच्चारही नाही.

अशा मुलखात कृष्णकमळाचा वेल केवळ तग धरतो असे नव्हे, तर चक्क माजतो, ही वस्तुस्थिती आहे. आणि तिचे कारण ग्रंथांत सापडत नसल्यामुळे ते येथे नमूद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

या वेलाचे मूळ वतन अमेरिका खंडांच्या उष्ण भागांतले. त्याच्या भावकीत पाचशेंहून अधिक जाती मोडतात, आणि लिनियसने १७५३ साली या साऱ्या गोताला शास्त्रीय नाव देऊन वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद केली. त्यांपैकी आमच्या कुंपणांवर दिसतात त्या मोजक्या: जांभळी-निळी, जिच्यासाठी सारे काही चालते, तांबडी, जी रोपवाटिकावाला ‘नवीन व्हरायटी’ म्हणून चढ्या भावाने देतो, आणि फळाच्या आशेने लावलेली, जिच्या फळाचे सरबत करण्याचा बेत दर वर्षी पुढल्या वर्षावर जातो. यांखेरीज पडीक जागी आपोआप उगवणारी एक रानटी बहीणही आहे. तिच्या पानांना उग्र दर्प येतो, तिचे फळ चिकट केसांच्या जाळीदार वेष्टनात बसलेले असते, आणि त्या चिकट्यात बारीक किडे अडकून मरतात. घरंदाज वेलाचे मालक तिचे नाव काढीत नाहीत.

जांभळ्या कृष्णकमळाचा पहिला गुण असा की ते कचेरीच्या वेळा पाळते. आमच्या नांदेडात, पहाटे देवपूजेच्या निमित्ताने परक्या कुंपणांवरील जास्वंद, कण्हेर व पारिजातक यांचा बंदोबस्त करणाऱ्या सत्शील गृहस्थांचा एक वर्ग आहे. हातात लांब आकडी, मनगटात प्लास्टिकची पिशवी आणि मुखात विष्णुसहस्रनाम असा त्यांचा सरंजाम असतो. मालक जागा आहे असे दिसताच सहस्रनाम मोठ्याने सुरू होते, कारण स्तोत्र म्हणणाऱ्यास अडविणे पापाचे आहे हे दोन्ही पक्षांस ठाऊक असते. या मंडळींना कृष्णकमळाने पुरते जेरीस आणले आहे. ते येतात त्या वेळी वेलावर हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्यांखेरीज काही नसते. उन्हे चांगली वर आली, तहसिलीचे कुलूप निघाले आणि चहाच्या टपरीवर कारकून जमले, म्हणजे मग ते फूल उमलते, आणि सायंकाळी दप्तर गुंडाळण्याच्या सुमारास मिटू लागते. दुसऱ्या दिवशी ते हजर होत नाही. एका दिवसात सेवानिवृत्त होणारा असा नेक नोकर अन्यत्र आढळणे कठीण. ‘कामून म्हणावं, आमच्याच वक्ताला उमलत न्हाई,’ अशी एका पिशवीधारी सद्गृहस्थांची तक्रार मी स्वकर्णाने ऐकली आहे.

आता फुलाच्या अंतरंगाविषयी. महाराष्ट्रातील कोणत्याही घरात हे फूल प्रथम उमलले की घरातील वडील माणूस मुलांना बोलावून त्यात महाभारत दाखविते, हा शिरस्ता आहे. बाहेरचे जे जांभळे तंतू, ते शंभर कौरव. मध्ये उंचावर असलेले पाच पुंकेसर, ते पांडव. त्यांच्या वरचे तीन कुक्षिवृंत, ते ब्रह्मा, विष्णू व महेश. आणि मधला जो हिरवा गोळा, तो काही घरांत श्रीकृष्ण व काही घरांत द्रौपदी असतो. आमच्या शेजारी राहणारे गणिताचे एक निवृत्त गुरुजी हा विषय केवळ श्रद्धेवर सोडण्यास राजी नाहीत. त्यांनी एकदा वर्तमानपत्राची घडी ओट्यावर पसरली, चष्म्यावर भिंग धरले, आणि भुवयांचे केस उपटावयाच्या चिमट्याने एकेक कौरव उपटून दहा-दहांच्या रांगा मांडल्या. पंख्याची कळ कोणी दाबू नये म्हणून नातवाला भिंतीशी उभे केले होते. ‘काय मोजायलाव, गुरुजी?’ असे विचारणाऱ्यास हाताने थोपविण्यात येत होते. निष्कर्ष असा निघाला की कौरवांची संख्या फुलागणिक बदलते: कधी शंभराच्या आत, कधी बाहेर. दुसरा कोणी असता तर या शोधाने खचला असता. गुरुजींनी मात्र व्यासांस व वनस्पतिशास्त्रास एकाच वेळी सांभाळणारा खुलासा तत्काळ तयार केला. एक तंतू जास्त निघाल्यास तो युयुत्सू, दोन निघाल्यास दुसरी दुःशला. आणि कमी निघाल्यास युद्धास तोंड लागले आहे असे समजावे.

फुलाला कुंपण करून बसलेल्या दहा पाकळ्यांचे मात्र आमच्याकडे काहीच ठरलेले नाही. शास्त्र सांगते की त्यांपैकी पाच निदले आणि पाच दले, पण दिसावयास सारख्याच. याच फुलात स्पॅनिश धर्मोपदेशकांना ख्रिस्ताच्या यातनांचे दर्शन घडले होते. सतराव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये जाकोमो बोसिओ याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे त्या परंपरेत तंतूंचा काटेरी मुकुट झाला, पाच पुंकेसरांच्या पाच जखमा, तीन कुक्षींचे तीन खिळे. त्या लोकांनी दहा पाकळ्यांचाही हिशेब चोख लावला: बारा शिष्यांतून दगा देणारा यहूदा आणि ओळख नाकारणारा पीटर वजा जाता बाकी दहा. आमच्या दप्तरी मात्र हा रकाना कोराच राहिला. तो भरून काढण्याचे श्रेय लातूरच्या एका गृहस्थांकडे जाते, आणि त्यांच्यामुळेच या लेखाच्या मुख्य विषयाकडे मला वळावे लागत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर लातुरात, गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्या घरासमोर एक जुना वाडा होता; त्याची वाटणी होऊन मध्ये भिंत आली, आणि भिंतीच्या दोन बाजूंस दोन चुलतभाऊ राहू लागले. थोरल्यांस गल्ली अण्णा म्हणते, धाकट्यांस आबा. अण्णांचे वडील निजामाच्या अमलात गिरदावर होते, स्वतः अण्णा तहसिलीतून निवृत्त झाले. सबब १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे राज्य जरी संपुष्टात आले तरी त्याची भाषा त्या वाड्यात अबाधित चालू आहे. नातू पडला तर अण्णा आधी पंचनामा करतात आणि मग हळद लावतात. आबांची बी-बियाण्यांची आडत होती. कागदापेक्षा जिभेवर त्यांचा भरवसा अधिक.

वेल लावला आबांनी. कोणाच्या तरी कुंपणावरून आणलेली वीतभर फांदी त्यांनी पावसाळ्यात भिंतीच्या कडेला खोचली. पहिले वर्ष तिने मुळे धरण्यात घालविले. दुसऱ्या वर्षी वेल भिंतीवर चढला, आणि भिंतीवर चढलेल्या वेलास दुसरी बाजू दिसते.

‘आबा, तुमचा येल आमच्या हद्दीत शिरलालाय.’

‘अण्णा, येलाला हद्द कळत असती तर त्यो तलाठी झाला असता की.’

या संवादापासून जे प्रकरण सुरू झाले त्याची मिसल आता बरीच जाड झाली आहे. अण्णांचे म्हणणे असे की भिंत सामाईक असल्याने तीवरील वेलही सामाईक होय. आबांचे म्हणणे असे की मूळ ज्याच्या जमिनीत, वेल त्याचा. आणि फुले मात्र सूर्याकडे तोंड करून, म्हणजे सकाळच्या प्रहरी अण्णांच्या अंगणात, लागत होती. सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी न देण्याचा जो निर्धार एकदा हस्तिनापुरात प्रकट झाला होता, त्याची आठवण करून देणारे फूल नेमके चुलतभावांच्या सामाईक भिंतीवर, दोहोंच्या डोळ्यांदेखत, शंभर आणि पाच अशी उभयपक्षांची हजेरी लावून रोज उमलावे, यात वेलाचा काही खोडसाळपणा असावा असा माझा संशय आहे. त्यातही फुलाची रचना पाहावी: खालची सारी जमीन कौरवांनी पसरून अडविलेली, आणि पांडव मधल्या एका खांबावर, भूमिहीन, लोंबकळत. पाकळ्यांचा प्रश्न अण्णांनी याच सुमारास निकालात काढला. ‘ते पंच हायत,’ ते म्हणाले. ‘एवढा मोठा कब्जा झाला, पंचनाम्याला पंच नकोत?’

वेलाच्या अतिक्रमणाचे हत्यार म्हणजे त्याचा तणावा. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात कृष्णकमळाच्याच एका नाजूक जातीचे तणावे त्याला विशेष चपळ आढळले: टोकाला काडीने नुसता स्पर्श करावा, तो अर्ध्या मिनिटाच्या आगेमागे ते वळू लागते. अर्जाची दखल इतक्या तातडीने घेणारे खाते अण्णांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते, आणि तसे त्यांनी मजजवळ कबूलही केले. तणाव्याने एकदा आधार पकडला की तो मळसूत्रासारखा गुंडाळत जातो. मात्र दोन्ही टोके अडकलेली असल्यामुळे त्याला अर्धे वेढे उजवीकडे व अर्धे डावीकडे घ्यावे लागतात, मध्ये एक सरळ तुकडा सोडून. आबांच्या खिडकीच्या गजाला आणि अण्णांच्या कपडे वाळविण्याच्या तारेला एकाच वेळी बांधलेला असा एक तणावा मी निरखून पाहिला आहे. वेढे दोन्ही बाजूंस सारखे होते. अण्णांनी तो कापण्यास कात्री आणविली, परंतु मजकूर तारेवर त्या दिवशी त्यांचेच धोतर असल्याने कारवाई तहकूब झाली.

मग २०१६ साल आले. लातूरच्या पाण्याची ती कथा देशभर झाली आहे. मांजरा धरण कोरडे पडले; पाण्याच्या टाक्यांपाशी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावून पाचांहून अधिक माणसांनी जमण्यास मनाई करण्यात आली; आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शहरात दाखल झाली. (मनाईहुकमाचा अर्थ काटेकोर लावता त्या उन्हाळ्यात कृष्णकमळातील पांडव कायद्यात बसत होते, कौरव बसत नव्हते, हे अण्णांच्या नजरेतून सुटले नाही.) गल्लीतील बागा एकामागून एक गेल्या. गुलाब गेले, मोगरा गेला, तुळशीवर माणसे हळहळली. माणसांस जेथे घागर मोजून मिळत होती तेथे शोभेच्या वेलाला पाणी घालण्याचे धाडस कोणी करील, असे कोणालाही वाटले नसते.

परंतु कायद्याचे एक तत्त्व अण्णांस ठाऊक होते आणि ते आबांसही ऐकून ठाऊक झाले होते: वहिवाट खंडित झाली की हक्क जातो. वेलास पाणी घालणे हा ताब्याचा पुरावा. घालावयाचे थांबविणे म्हणजे कब्जा सोडल्याची लेखी कबुली. त्यामुळे रात्री निजानीज झाल्यावर आबा भांडी विसळलेले पाणी तांब्याने भिंतीच्या पश्चिमेस ओतीत, आणि पहाटे अण्णा तांदूळ धुतल्याचे पाणी पूर्वेस. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचा उद्योग ठाऊक नाही अशी दोघांची समजूत होती. वाड्यातल्या काकूंना दोघांचाही ठाऊक होता. ‘माय, आम्हाला प्यायला न्हाई आन् हे दोघं मुकदम्याला पाणी घाललालेत,’ असे त्या माझ्या बहिणीस म्हणाल्या. त्या वर्षी साऱ्या गल्लीत हिरवे असे जे काही शिल्लक राहिले ते त्या भिंतीवर. सौम्य हवामानाचे पंडित वेलास काय मानवते याची यादी देतात तीत खत, निचरा, ऊन सारे असते. भाऊबंदकीचा उल्लेख कोणीच केलेला नाही.

पावसाळा आल्यावर तर वेलाने सारी भिंत घेतली आणि त्यामागून मधल्या दलालांचा सुळसुळाट झाला. त्यांत प्रमुख म्हणजे लाकूड पोखरणारा काळा भुंगा, ज्याला संस्कृत कवींनी भ्रमर म्हणून उगीच नाजूक करून ठेवले आहे. फुलातील मध कौरवांच्या मुळाशी, तळघरात, साठविलेला असतो. भुंगा तेथे तोंड घालतो, त्याच वेळी वर लोंबणारे पुंकेसर त्याच्या पाठीवर पराग फासतात, आणि पुष्कळ जातींत उमलतेवेळी वर पाहणारे त्रिमूर्ती हळूहळू खाली झुकून नेमके त्याच्या पाठीच्या उंचीवर येतात. फी कौरवांकडून घ्यावयाची, ओझे पांडवांचे वाहावयाचे, आणि न्यायासनाने आपण होऊन खाली वाकावे: आबांनी हे ऐकताच आपल्या वकिलाचे नाव घेतले, ते मी येथे देत नाही. मधमाशी अंगाने लहान. ती पुंकेसरांखालून सरळ आत शिरते, मध घेते, आणि कोणाचेही काम न करता निघून जाते. अशा माणसांचीही आपल्याकडे वाण नाही.

पानांच्या देठावर मधाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांच्या लोभाने मुंग्या येतात आणि मोबदल्यात पहारा करतात, असा शास्त्राचा दाखला आहे. आमच्या वेलावरील मुंग्यांनी मोबदला नियमित घेतला. पहाऱ्याविषयी मात्र शंका आहे, कारण भाद्रपदात वेलावर तांबूस-तपकिरी, अंगभर काटे असलेल्या अळ्यांची फौज उतरली आणि तिने भिंतीच्या एका टोकापासून पाने खाण्यास प्रारंभ केला. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले, आपण पक्ष्यांना रुचत नाही याची खात्री असल्यामुळे अत्यंत सावकाश उडणारे एक फुलपाखरू असते. ही त्याची संतती. येथे दाव्याला अनपेक्षित वळण लागले. वेलावर उभयतांचा हक्क होता; अळ्यांवर कोणीच सांगेना. ‘अळ्या तुमच्याकडून आल्यात,’ असे आबा म्हणत. अण्णांनी तर अळ्यांची उपज कोणत्या बाजूस झाली याविषयी मोक्यावर जाऊन पाहणी केली व तसा कागद तयार केला. औषध कोणी मारावे यावर एकमत होईपर्यंत फौजेने पश्चिमेची पाने संपवून पूर्वेची हाती घेतली होती. वेलाचा सांगाडा उरला.

त्या काळात मी लातुरास गेलो होतो, आणि वाद संपला अशी हळहळ गल्लीत पसरलेली मी पाहिली. परंतु या वेलाची मुळे जमिनीखालून दूरवर जातात आणि त्यांना भलत्याच ठिकाणी धुमारे फुटतात, हा त्याचा स्वभाव कोणी लक्षात घेतला नव्हता. दिवाळीच्या आधी एक धुमारा अण्णांच्या न्हाणीपाशी वर आला, दुसरा आबांच्या ओट्याच्या सांधीत, आणि तिसरा, सर्वांत जोमदार, दोघांच्याही हद्दीबाहेर, रस्त्याकडेच्या नळाच्या खड्ड्यात. खड्डा सरकारी. रस्ता खोदणाऱ्यांनी तेथे चुन्याची खूण करताच ती जमीन त्रयस्थाची आहे, याची जाणीव उभयतांस एकाच क्षणी झाली, आणि वाटणीनंतर प्रथमच अण्णांच्या ओट्यावर दोघे एका सतरंजीवर बसले. सदरहू वेल हा अर्जदारांच्या कुटुंबाचा वडिलोपार्जित असून त्यास धक्का लावू नये, असा अर्ज अण्णांनी स्वहस्ते लिहिला. मजकुरावर दोघांचे पूर्ण मतैक्य झाले. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द तर आबांनीच सुचविला.

अडचण सहीपाशी आली. अर्जदार क्रमांक एक कोण, हे ठरेना. अण्णा वयाने थोरले; फांदी लावली आबांनी. क्रमांक एक-अ आणि एक-ब अशी तोड मी सुचवून पाहिली, तर ‘अ’ कोण, असे दोघांनी मिळून विचारले. अर्ज सध्या काकूंच्या डाळीच्या डब्याखाली आहे. वेल दरम्यान खड्ड्यातून निघून शेजारच्या विजेच्या खांबाच्या ताणावर चढला आहे, आणि तो खांब निराळ्या खात्याचा असल्यामुळे त्या खात्याकडे अर्ज कोणत्या नमुन्यात करावयाचा असतो, याची चौकशी करण्यास आबा गेले आहेत; ते एकटेच का गेले, याविषयी अण्णांनी हरकत नोंदविली आहे.